आईच्या फळ्यावरचा हिमालय

जुळे सोलापुरातल्या आमच्या घराच्या गच्चीवर उभं राहिलं की चारी बाजूंना सपाट दिसतं. घरं, पाण्याची टाकी, मोबाईलचे टॉवर आणि त्यांच्या पलीकडे ऊन. डोंगर नाही. टेकाड म्हणावं असंही काही नाही. उंच काय, तर टाकी. त्यामुळे मान वर करून बघायची आम्हाला सवयच नाही. मान वर होते ती सलूनमध्ये दाढी करताना, नाहीतर पंखा बंद पडल्यावर. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघं सिक्कीमला जाऊन आलो, त्या प्रवासातली आमची सगळी फजिती या मानेपाशी येऊन थांबते, म्हणून हे आधीच सांगून ठेवतो.

चौघं म्हणजे मी, बायको वैशाली, अकरावीतली मुक्ता आणि माझी आई. मी वेबसाइट डिझाइन करतो. चादरी-टॉवेलची दुकानं, दातांचे दवाखाने, क्लासेस, एक कुक्कुटपालनवाले. आईला माझा धंदा समजावून सांगायचा मी बरेच दिवस प्रयत्न केला. शेवटी तिनंच तो शेजारणीला समजावून सांगितला, "आमचा हा कॉम्प्युटरवर दुकानांच्या पाट्या रंगवतो." त्यानंतर मी प्रयत्न सोडला, कारण ते खरंच होतं.

आई प्राथमिक शिक्षिका होती. सांगोला आणि माढा तालुक्यांतल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत तिची सगळी नोकरी झाली. दरवर्षी भारताचा नकाशा शिकवायची वेळ आली की ती फळ्यावर हिमालय काढायची. खडू आडवा धरून त्रिकोणांची रांग, टोकं पांढरी, आणि हेडमास्तरांनी रंगीत खडू दिले असतील तर खाली निळी छाया. आणि दरवर्षी मागच्या रांगेतून कुणीतरी विचारायचंच, "बाई, तुमी बगितलाय का?" आई सांगायची, "नाही बघितला. पण आहे."

गेल्या उन्हाळ्यात आईला काचबिंदू निघाला. कडेकडेचं दिसणं कमी होत जातं, गेलेलं परत येत नाही, थेंब चुकवायचे नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं. घरी येताना सात रस्त्याच्या सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा आई समोर बघत म्हणाली, "मला बर्फाचा डोंगर बघायचाय. बघता येतंय तोवर."

वैशालीनं माझ्याकडे बघितलं. आमच्या घरात ठराव असेच पास होतात.

निघायच्या आदल्या दिवशी बिरू आला. बिरू आईचा सांगोल्याकडचा विद्यार्थी. वडील मेंढरं राखायचे, हा डाळिंबं करतो. वय माझ्याहून जास्तच, पण मार्केट यार्डात माल घालायला आला की बाईंना डाळिंबं दिल्याशिवाय परत जात नाही. आम्ही हिमालयात चाललोय हे ऐकून तो पायरीवरच बसला.

"बाई, एक काम करा की. बगून आल्यावर मला सांगा. तुमी फळ्यावर काढायचा, तसला खरंच असतोय का."

"म्हणजे तुला अजून शंका आहे?"

"शंका न्हाय ओ. पर तुमीबी कुटं बगितला हुता?"

आई हसली. मग हसायची थांबली. बिरू गेल्यावर बराच वेळ ती डाळिंबं पुसत बसली होती, डाळिंबं स्वच्छ असूनही.

सामान भरताना दोन पक्ष झाले. माझ्या पिशवीत ड्रोन, मोबाईल न हलता धरणारी दांडी, पॉवर बँका, रक्तातला ऑक्सिजन मोजणारं घड्याळ, आणि मोबाईलमध्ये मुद्दाम विकत घेतलेलं एक ॲप. ते ॲप डोंगरासमोर धरलं की कुठलं शिखर कुठलं ते स्क्रीनवर नाव टाकून दाखवतं. वैशालीच्या पिशवीत कडक भाकरी, शेंगाचटणी, लसणाचं तिखट, आणि गार राहावे म्हणून छोट्या थर्मासात ठेवलेले आईचे थेंब.

"तुमच्या पिशवीतलं सगळं चार्ज करावं लागतं," ती म्हणाली, "माझ्यातलं नुसतं खावं लागतं."

तीस्तेच्या कडेनं

सोलापूर ते बागडोगरा विमानतळ हा प्रवास सांगण्यासारखा नाही. रांगा, पट्टे, ट्रे, परत रांगा. ऑक्सिजनच्या घड्याळानं प्रत्येक तपासणीला आवाज केला, एवढीच त्याची कामगिरी.

पण जीप तीस्ता नदीला लागली आणि आम्ही सगळे खिडक्यांना चिकटलो. ते पाणी हिरवं होतं. शाळेत रंगपेटीतला जो हिरवा रंग कशासाठी असतो ते कधी कळत नाही, तो हा. आणि आवाज! मोठ्या पुलावरून रेल्वे जावी तसा, पण न संपणारा. आईनं काच खाली केली.

"आपली सीना अशी वाहिली असती तर," ती म्हणाली, आणि वाक्य तसंच सोडून दिलं.

रस्ता डोंगराच्या अंगावर बोटानं रेघ ओढावी तेवढा. एका जागी दरड कोसळली होती, तिथं मशिननं दगड बाजूला सारेपर्यंत गाड्या थांबल्या. मी संधी साधून ड्रोन बाहेर काढला. चालकानं आरशातून बघितलं आणि अगदी मऊ आवाजात सांगितलं, "सर, इधर परमिशन के बिना मना है." ड्रोन परत पिशवीत गेला आणि घरी येईपर्यंत तिथंच राहिला. इकडे घड्याळ मात्र खूश होतं. जीप खड्ड्यांतून उडत होती आणि ते दर थोड्या वेळानं मनगटाला थरथर करून माझं अभिनंदन करत होतं, की आज तुम्ही भरपूर मजले चढलात.

"बसून चढलात," वैशाली म्हणाली.

तेवढ्यात मल्लेशम शेठचा फोन आला. त्यांचं टॉवेलचं दुकान आहे आणि त्यांची वेबसाइट दिवाळीच्या आत पूर्ण करायची होती, असं ते म्हणतात.

"सर, कुठं हाव?"

"सिक्कीमला आहे शेठ."

"लांब हाय की हो. बरं, त्या बॅनरचं काय केलाव?"

बॅनर म्हणजे वेबसाइट उघडल्यावर पहिल्यांदा दिसणारा मोठा आडवा फोटो. मी एका कट्ट्यावर टॉवेलांची चळत ठेवून मागे निळं आभाळ घेतलं होतं. मला ते फार सुंदर वाटत होतं.

"वरती एवढी मोकळी जागा कशाला सोडलाव? मानसं काय आभाळ घ्यायला येतेत का दुकानात? टॉवेल घ्यायला येतेत की."

मी जीपमध्ये बसूनच मोबाईलवर फोटो कापायला घेतला. आईनं विचारलं, "काय करतोयस?"

"वरचं आभाळ कापतोय."

"बरं," आई म्हणाली. "काम आहे की तुला."

पेमाच्या घरी

पेलिंगच्या पुढं एका उतारावरच्या गावात आम्ही पेमा नावाच्या बाईंच्या घरी उतरलो. लाकडी घर, पत्र्याचं छप्पर. आपल्याकडे रंगाच्या रिकाम्या डब्यात तुळस लावतात, तशी इथं तेलाच्या डब्यांत ऑर्किडं लावली होती. अंगणात वेलदोडे वाळत घातलेले. मसाल्याच्या डब्यात चार दाणे असतात ती वस्तू ज्वारीसारखी पसरलेली बघून वैशाली तिथंच उभी राहिली. "अहो, हे पायाखाली येतंय," असं तिनं मला दोनदा बजावलं.

पेमा चाळिशीची, ठेंगणी, आणि सारखी हसतमुख. तिनं अंगणाच्या कडेला नेलं आणि तळहात पुढं केला. "सामने ही है."

समोर पांढरं होतं. ढग नाही, धुकं नाही, नुसतं पांढरं. खाली दरीपलीकडच्या डोंगराची काळपट धार आणि तिच्यावरची झाडं तेवढी दिसत होती.

"यंदा पाऊस जायलाच तयार नाही," असं काहीसं ती हिंदीत म्हणाली. "आज उनका मन नहीं है." डोंगराबद्दल ती असंच बोलायची, घरातल्या वडीलधाऱ्या माणसाबद्दल बोलावं तसं.

आता माझी पाळी होती. मी ऐटीत ॲप उघडलं आणि मोबाईल समोर धरला. नावं उमटली. पण कांचनजंगा हे नाव काळ्या धारेपासून कितीतरी वर, पार आभाळात जाऊन लटकलं होतं.

"बाबा, ते तर आभाळात आहे," मुक्ता म्हणाली.

"तेच म्हणतोय मी. मार्जिन चुकलंय."

मार्जिन म्हणजे अक्षरांभोवती सोडलेली जागा. ती चुकली की मोठ्या स्क्रीनवर नीट बसलेली अक्षरं मोबाईलवर वर सरकतात. माझ्या धंद्यात हे रोजचं दुखणं. एका दातांच्या दवाखान्याच्या वेबसाइटवर डॉक्टरांचं नाव असंच सरकून पेशंटच्या फोटोखाली जाऊन बसलं होतं. तेव्हा दुसऱ्याची ही चूक मला लांबून ओळखू येते. मी मोबाईल हवेत इंग्रजी आठासारखा फिरवला, बंद करून चालू केला. नाव हट्टानं तिथंच.

"ज्यानं बनवलंय त्याला कळवायला पाहिजे," मी म्हणालो. "डोंगर इतक्या वर कसा असेल?"

मग मी घरच्यांना नीट समजावून सांगितलं की ढग हलले की त्या काळ्या धारेच्या लगेच वर, तिथं, तिथं बघायचं. सांगताना बोट केलं. पेमानं धावत येऊन माझा हात खाली केला. आणि मग स्वतःच लाजली. या डोंगराला इथले लोक बोट दाखवत नाहीत. देव आहे तो त्यांचा. दाखवायचा तर अख्खा तळहात उघडा करून.

आईला हे लगेच पटलं. "आपण तरी वेलीवरच्या कोवळ्या दोडक्याला बोट दाखवतो का? कुजतो म्हणतात." पेमाला दोडका समजेना, म्हणून आईनं तिला हातवारे करून दोडका, वेल आणि कुजणं अशी तिन्ही समजावली. शिकवायची हौस कुठं जाते? दोघी संध्याकाळपर्यंत मैत्रिणी झाल्या. पेमानं गोल, लाल, बोराएवढ्या मिरच्यांचं लोणचं वाढलं. सोलापूरचे आपण, तिखटाला काय घाबरायचं, असं म्हणून मी अख्खी मिरची खाल्ली. पुढचा काही वेळ मला माझे कान वेगळे जाणवत होते. आईनं त्या बदल्यात शेंगाचटणी आणि कडक भाकरी दिली. पेमानं भाकरी वाजवून बघितली, मग कडकन मोडली, खाल्ली, आणि उरलेली फडताळात वर ठेवून दिली. ती भाकरी आम्हाला परत दिसली नाही.

वाट बघण्याचा दिवस

दुसऱ्या दिवशी धबधबा, तळं, मठ असं बरंच बघायचं होतं. आई म्हणाली, "तुम्ही जाऊन या." मग कुणीच गेलं नाही. अंगणात प्लास्टिकची खुर्ची टाकून, शाल गुंडाळून, आई काळ्या धारेकडे तोंड करून बसली. परीक्षेच्या हॉलवर सुपरवायझर बसतात तशी. समोरचा वर्ग मात्र रिकामा.

मी कठड्यावर मोबाईल लावून ठेवला. थोड्या थोड्या वेळानं तो आपोआप फोटो काढतो आणि मग त्यांची फिल्म जोडतो. चौकट मी माझ्या सवयीनं लावली: लांब, आडवी, बॅनरसारखी. काळी धार मधोमध, झाडं खाली, आणि वरचं नुसतं पांढरं शक्य तेवढं कमी.

दिवसभर पांढऱ्यात थोडा फरक पडायचा आणि आम्ही उठून उभे राहायचो. झाडांच्या वर काहीतरी उजळायचं, परत विझायचं. सगळ्यांचे डोळे त्या धारेला चिकटलेले. दुपारी आम्ही जेवायला आत गेलो तरी आई बाहेरच. ताट तिला खुर्चीतच नेऊन दिलं. पेमा वरच्या शेतात वेलदोडे काढायला गेली होती.

ऊन उतरलं तेव्हा मी आईशेजारी पायरीवर बसलो. सकाळी निघायचं होतं, जीप सांगून ठेवली होती.

"नसेल दिसायचा तर राहू दे," आई म्हणाली. "नदी बघितली. वेलदोडे बघितले. एवढ्या वर आले, हे काय कमी आहे?"

मी उठून कठड्यावरचा मोबाईल काढून आणला.

"पण बिरूला काय सांगू रे? परत तेच? नाही बघितला, पण आहे?" तिनं शाल ओढून घेतली. "किती पोरांना सांगितलं असेल मी. सगळ्यांनी ऐकलं. कुणी म्हणालं नाही, की बाई, तुम्हाला कसं माहीत."

"बिरू म्हणाला की."

"तो म्हणाला," आई म्हणाली. "म्हणून तर तोच लक्षात राहिला."

निघायची सकाळ

सकाळी खिडकीतून परत तेच. काळी धार, आणि तिच्यावर ढगांचा जाड पट्टा, कापसाची गादी गुंडाळून ठेवावी तसा. मी चार्जर गोळा करू लागलो. ते जेवढे आणलेले असतात त्याहून कमी सापडतात. वैशाली भाकऱ्यांचे तुकडे बांधत होती. आईनं थर्मासातून थेंबांची बाटली घेतली आणि अंगणात खुर्चीवर जाऊन बसली. थेंब ती स्वतःच घालते, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. मान पार मागे टाकायची, एकेक थेंब सोडायचा, मग डोळे मिटून कोपरा बोटानं दाबून धरायचा आणि मनात काहीतरी म्हणायचं. रोजचं आहे. तिकडे कुणी बघतही नाही.

थोड्या वेळानं तिची हाक आली. आवाज वेगळा होता.

"वैशाली, इकडे ये गं. थेंबाचं काहीतरी झालंय. डोळ्यांपुढं पांढरं आलंय."

हातातल्या वायरी तशाच टाकून मी धावलो. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं एकदम डोक्यात आलं. आई खुर्चीत मान अर्धी मागे टाकून, डोळे उघडे ठेवून बसली होती. मी तिच्यासमोर वाकलो, मोबाईलचा टॉर्च लावला आणि तिच्या डोळ्यांत बघू लागलो.

"कुठल्या डोळ्यात? दुखतंय का? मी दिसतोय का तुला?"

"तूच दिसतोयस," आई म्हणाली. "बाजूला हो."

"आई, हलू नकोस. वैशाली, डॉक्टरांना फोन लाव!"

"अरे बाजूला हो!" आईचा तो वर्गातला आवाज मी कितीतरी वर्षांनी ऐकला.

मागून मुक्ता हळूच म्हणाली, "बाबा. मागे बघ."

मी वळलो. काळी धार. ढगांची गादी. काही नाही.

"वर, बाबा. अजून वर."

मी जरा वर बघितलं. ढगच.

"अजून!"

मी मान वर केली. ढग संपले, त्यांच्या वर निळं सुरू झालं, आणि त्या निळ्यात, जिथं डोंगर असायचं काही कारणच नव्हतं, जिथं आपल्याकडे घार असते आणि फार तर विमान जातं, तिथं तो उभा होता. खाली त्याला काही आधार नव्हता. ढगांनी तो जमिनीपासून तोडून वर नेऊन ठेवला होता. पांढरा म्हणावा तर त्यात घड्यांघड्यांतून निळी छाया होती, आणि उगवतीच्या बाजूला कडा केशरी पेटल्या होत्या. एक शिखर नाही, अख्खं घराणं होतं. मधला सर्वांत उंच, आणि बाकीचे त्याच्या खांद्याला खांदा लावून उभे. तो इतका मोठा होता की हलत नाही याचंच आश्चर्य वाटत होतं. आवाज कसलाच नव्हता. एवढं काहीतरी समोर आहे आणि त्याचा आवाज होत नाही, हे मला काही केल्या पटेना. मी होतो तिथंच, वेलदोड्यांतच बसलो. वैशालीनं ओरडायला पाहिजे होतं. ती ओरडली नाही.

आम्ही सगळे खालून वर शोधत होतो, आणि तेही धारेपाशीच थांबत होतो. आईनं मिटलेले डोळे आभाळाकडेच उघडले होते. तिथून मान खाली आणताना, ढगांपर्यंत पोचायच्या आधीच, तिला वाटेत तो भेटला होता.

आई हललीच नाही. मग तिनं एक डोळा तळहातानं झाकला आणि बघितलं. हात बदलून दुसरा झाकला. आता तिचा जास्त बिघडलेला डोळा उघडा राहिला. त्यानंही ती बराच वेळ बघत राहिली.

"ह्यानंही दिसतोय," ती म्हणाली.

वैशाली तिच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली आणि तिच्या खांद्यांवर हात ठेवले. मुक्तानं माझ्या हातातला मोबाईल घेतला, त्याचा टॉर्च बंद केला आणि ते ॲप उघडून समोर धरला. कांचनजंगा हे नाव परवा होतं तिथंच उमटलं. बरोबर शिखरावर. केसभरही इकडे तिकडे नाही.

"मार्जिन," मुक्ता म्हणाली. तेवढंच. पुढचं तिनं सोलापूरला नेऊन मैत्रिणींना सांगितलं.

पेमा चहा घेऊन आली आणि आम्हाला असं बघून थबकली. "लेकिन कल भी तो निकले थे, दोपहर को," ती म्हणाली. "मैं ऊपर खेत में थी. मैंने सोचा, आपने देख लिया."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. मी मुक्ताच्या हातातून मोबाईल घेऊन आदल्या दिवशीची फिल्म लावली. अख्खा दिवस भरभर पुढं सरकला, झाडांवरून ढग वाहून गेले, आणि एका जागी, चौकटीच्या अगदी वरच्या कडेला, एक पांढरी रेघ आली आणि गेली. त्याच्या पायथ्याचा कुठलातरी बर्फाचा कोपरा. बाकी सगळा मी कापलेल्या आभाळात होता.

"म्हणजे काल आला होता?" आईनं विचारलं.

"हो."

"मी इथं बसलेली असताना?"

"हो आई."

"आणि मी खाली बघत बसले होते."

मला वाटलं, आता तिला वाईट वाटेल. पण आई हसायला लागली. शाल तोंडावर धरून, खांदे हलवत, शाळेच्या पटांगणात पोरी हसतात तशी. डोळ्यांतून पाणी आलं, थेंब सगळे वाहून गेले आणि वैशालीनं ते परत घालायला लावले. आईनं दुसऱ्यांदा मान मागे टाकली, आणि या वेळी आम्ही तिघंही तिच्याबरोबर वर बघत राहिलो.

जीप आली, चालक खाली उतरून उभा राहिला, पण त्यानं हॉर्न वाजवला नाही. ढगांची गादी हळूहळू वर चढत गेली. आधी खांदे गेले, मग बाजूचे, आणि शेवटी मधला. आईनं बोट केलं नाही. दोन्ही तळहात उघडे करून ती उभी होती.

परत गच्चीवर

मल्लेशम शेठच्या बॅनरला मी कापलेलं आभाळ परत लावलं. त्यांचा फोन आलाच. "परत आभाळ का की हो?" मी म्हणालो, राहू द्या शेठ. "बरं, मग तितं वर कायतरी लिवा तरी." वर आम्ही त्यांच्या दुकानाचं नाव लिहिलं, अगदी बारीक. ते मोठं करा असं त्यांचं अजून चालू आहे.

बिरू डाळिंबं घेऊन आला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. मुक्तानं त्याला फोटो दाखवायला टॅब आणला. त्यानं हात जोडले. "फोटू नगं बाळा. फोटू मोबाईलवर लई बगितलेत. बाई, तुमी सांगा."

आई त्याला घेऊन गच्चीवर गेली. आम्हीही मागोमाग गेलो. चारी बाजूंना आमचं सपाट सोलापूर, पाण्याची टाकी, टॉवर, तापलेली हवा.

"फळ्यावर काढायचे ना मी," आई म्हणाली, "तसाच आहे रे. टोकं तशीच, खालची निळी छाया तशीच. फक्त जागा चुकली माझी. माझा हात वर पुरायचा नाही, म्हणून मी फळ्याच्या मधोमध काढायचे. तो फळ्यावर मावतच नाही."

"मंग कुटं?"

"तूच सांग. कुठं असेल?"

बिरूनं मान वळवून लांबवर नजर टाकली. टाकीच्या जरा वर त्याची नजर थांबली. "हितं?"

आईनं बोट दाखवलं नाही. तिनं पुढं होऊन बिरूची हनुवटी धरली, पाढे चुकल्यावर चौथीतल्या पोराची धरावी तशी, आणि वर उचलली. टाकीच्या वर. टॉवरच्या वर. अजून वर.

"हितं," आई म्हणाली.

"हितं? ह्ये तर आभाळ हाय की बाई."

"आभाळच."

बिरू बघत राहिला. आईनं त्याची हनुवटी सोडली तरी त्याची मान खाली आली नाही.

"आन खरं हाय?"

"आहे," आई म्हणाली. "मी बघितला."

बिरूची टोपी मागच्या मागे गच्चीवर पडली. ती उचलायला कुणी खाली वाकलं नाही.